रॉकेल गेलं, तेल राहिलं

आमच्या पेणच्या दुकानात रॉकेल विकणं बंद झालं त्याला आता बरीच वर्षं झाली. पिंप भंगारवाल्यानं नेलं, हातपंप पोटमाळ्यावर पडलाय. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, सदऱ्यांना धुतल्यावरही येणारा रॉकेलचा वास नातवंडांना ठाऊकसुद्धा नाही. तरी छातीठोकपणे सांगतो, आज दुकानात जेवढं खनिज तेल आहे तेवढं आजोबांच्या काळी, ओट्यावर रॉकेलचे डबे रचलेले असायचे तेव्हाही नव्हतं. फरक एवढाच की ते मागायला आता कोणी बाटली घेऊन येत नाही.

हे मी म्हणतो ते घरातल्या रोजमेळांच्या जोरावर. गावानं काय खाल्लं, कशानं धुतलं, कशात बांधून नेलं याची रोजची नोंद किराणा दुकानाच्या वहीत असते. आमच्याकडचे जुन्यातले जुने रोजमेळ मोडीत आहेत, कडा वाळवीनं खाल्लेल्या. पुढचे अण्णांच्या बालबोध अक्षरात, शेवटचे माझे. मुलानं गल्ला हातात घेतल्यावर मला वेळच वेळ झाला, तेव्हा ते एकामागून एक वाचून काढले. रॉकेलची नोंद हळूहळू आक्रसत जाते आणि रॉकेलच्याच घराण्यातला माल पानंच्या पानं अडवत जातो, हे त्यात सरळ दिसतं.

सुरुवात डब्यापासून करतो. अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला १८५९ साली एडविन ड्रेकनं ६९ फूट खोल विहीर पाडून तेल काढलं. पुढच्या काही दशकांत अमेरिकन रॉकेल हिंदुस्थानातल्या बंदरांत उतरायला लागलं. ते यायचं चार गॅलनच्या चौकोनी पत्र्याच्या डब्यात, दोन-दोन डबे एका लाकडी खोक्यात. तेल संपलं तरी डब्याचा संसार पुढे चालायचा. तोंड कापून आडवं लाकूड ठोकलं की विहिरीवरची बादली. कापून सपाट केला की गोठ्याच्या छपराला ठिगळ. तळाला भोकं पाडली की तुळस लावायला कुंडी. खोक्याच्या फळ्यांपासून केलेली मसाल्याची मांडणी आमच्या दुकानात अजून आहे, आणि ती बदलायची म्हटली की मी मुलाशी भांडतो. आजोबांनी रिकाम्या डब्यांचं खातं वेगळं ठेवलं होतं. तेलाच्या भावात गिऱ्हाईक घासाघीस करतं, रिकाम्या डब्याच्या भावात करत नाही, असं ते म्हणत.

हे केवळ आमच्या बाजारातलं शहाणपण नव्हे. १८९२ साली लंडनच्या मार्कस सॅम्युअलनं ‘म्युरेक्स’ नावाचं टाकीजहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे पाठवलं. त्यात रशियन रॉकेल होतं, सुटं, डब्यांविना, म्हणून स्वस्त. हिशेब चोख होता. पण पूर्वेकडचं गिऱ्हाईक सुटं तेल घ्यायला तयार होईना. त्यांना स्टँडर्ड ऑइलचा निळा डबा हवा होता, कारण घरोघरी त्या पत्र्यावर सगळी कामं चालत. शेवटी सॅम्युअलला पत्रा पाठवून इकडेच लाल डबे करून घ्यावे लागले, तेव्हा कुठे तेल खपलं. याच माणसानं पुढे शेल कंपनी काढली. मालाच्या गोणीला, डब्याला, खोक्याला आम्ही व्यापारी बारदान म्हणतो. गिऱ्हाईक मालाइतकंच बारदान बघून माल घेतं, हे सॅम्युअलला नुकसानीच्या उंबरठ्यावर कळलं.

डबा पत्र्याचा होता, तेलापासून झालेला नव्हता. तेलातून निघालेली पहिली घट्ट वस्तू आमच्या फळीवर आली ती मेण. आसामात दिग्बोईला १८८९ साली तेल लागलं आणि १९०१ साली तिथे शुद्धीकरणाचा कारखाना सुरू झाला. त्या तेलात मेण भरपूर, ब्रह्मदेशाच्या तेलातही तसंच. त्याच्या मेणबत्त्या होऊ लागल्या. मेणबत्तीचं सगळ्यांना माहीत असतं. काडीचं फारसं कुणाला माहीत नसतं.

काड्यापेटीतली एक काडी उजेडात धरून बघा. गुलाच्या खाली बोटाच्या पेराएवढं लाकूड किंचित गडद, तेलकट दिसतं. तिथे वितळलेलं पॅराफिन मेण मुरवलेलं असतं. गूल भडकतं क्षणभर. ती आग लाकडाला धरवायचं काम हे मेण करतं, नाहीतर काडी फुस्स करून विझते. विमको कंपनी १९२३ साली स्थापन झाली. तिचा कारखाना आमच्यापासून फार लांब नव्हता, अंबरनाथला. पावसाळ्यात गिऱ्हाईक सर्दावलेल्या पेट्या परत घेऊन यायचं, तेव्हा अण्णा गुलाखालचं लाकूड नखानं खरवडून बघत. नखाला मेण लागलं तर दोष हवेचा, नाही लागलं तर कारखान्याचा आणि पेटी बदलून. म्हणजे चूल पेटवायला जी काडी ओढायची तिच्यातही खनिज तेल होतं, चूल लाकडाची असली तरी.

बिस्किटांचंही तेच. पिवळट मेणकागदात गुंडाळलेला पार्लेचा पुडा ज्यांनी लहानपणी फोडलाय त्यांना त्या कागदाचा गुळगुळीत स्पर्श आठवेल. पावाच्या लादीला नव्हे, पण शहरातून येणाऱ्या कापलेल्या ब्रेडला तोच कागद. हल्ली लोक सांगतात की पूर्वी सगळं कागदात मिळायचं, प्लॅस्टिक नव्हतं. कागद होता खरा, पण त्याला ओल धरू न देणारं मेण तेलविहिरीतूनच आलेलं होतं.

आता कुंकू. हा माल आम्ही फार विकला, म्हणून थोडं सविस्तर. पूर्वी बायका कपाळावर आधी मेणाचं बोट लावत, मग त्यावर पिंजर दाबत. भोवतीची सांडलेली पिंजर पदरानं पुसली की कडा गोल उठे. हे मेण मधमाश्यांच्या पोळ्याचं. डोंगरातले कातकरी मधाबरोबर मेणाचे काळपट गोळे आणून द्यायचे आणि बदल्यात मीठ-मिरची न्यायचे. घरी ते खोबरेल घालून कढवलं, गाळलं, की छोट्या डबीत ओतायचं. आजोबांच्या वहीत कातकऱ्यांच्या मेणाची नोंद नेमानं सापडते. अण्णांच्या वहीत ती विरळ होते आणि तिच्या जागी मुंबईहून आलेल्या पांढऱ्या मेणाच्या वड्या येतात: स्वच्छ, बिनवासाच्या, स्वस्त. काही घरांत मेणाऐवजी व्हॅसलीनच वापरू लागले. हे व्हॅसलीनही टायटसव्हिलचंच. तेलविहिरींच्या नळांवर साचणारा चिकट राप कामगार भाजल्या-कापल्यावर लावतात, हे रॉबर्ट चेसब्रो यानं पाहिलं, तो राप शुद्ध केला आणि १८७२ साली त्याचं पेटंट घेतलं. पुढे मेण, पिंजर, डबी सगळंच गेलं आणि टिकल्यांची पाकिटं आली. पातळ प्लॅस्टिकचा गोल तुकडा, वर मखमलीसारखी लव, मागे डिंक. मेणाचे गोळे घेऊन येणाऱ्या कातकरणींच्या नाती आमच्याकडूनच टिकल्या घेऊ लागल्या. त्यांच्या आज्यांना पोळ्याच्या मेणाचे दोन पैसे मिळत होते, ते मात्र कुणी भरून दिले नाहीत.

एक अपवाद नोंदवायलाच हवा. कपाटात ठेवायच्या डांबराच्या गोळ्या तेलाच्या घरातल्या नव्हेत. त्या दगडी कोळशाच्या डांबरातून निघायच्या. जुनं बेकेलाइटही मूळचं कोळशाच्या घरातलं, आणि सेल्युलॉइडचे कंगवे तर कापूस आणि कापूर यांचे. चकाकणारी प्रत्येक नवी वस्तू पेट्रोलियमचीच, असं समजायचं कारण नाही.

धुण्याकडे वळू. रिठे, शिकेकाई, धुण्याचा सोडा आणि साबणाचे लांब बार, हा आमचा जुना माल. पाचशे एकचा बार तारेनं कापून तुकडे विकायचो. साबण म्हणजे खोबऱ्याचं, भुईमुगाचं, मोहाचं असं काही ना काही तेल किंवा चरबी, आणि खार. १९५९ साली सर्फ आलं, पण ते आमच्या बाजारात वकील-डॉक्टरांच्या घरांपुरतंच. खरी उलथापालथ केली अहमदाबादच्या पिवळ्या पावडरीनं. करसनभाई पटेलांनी १९६९ साली निरमा सुरू केली आणि काही वर्षांत ती आमच्याकडे पोत्यानं येऊ लागली. या पावडरीला फेस देणारा जो मुख्य घटक, त्याला बाजारात ‘ॲसिड स्लरी’ म्हणतात. तो होतो कसा? रॉकेलमधून सरळ साखळीचे पॅराफिन वेगळे काढतात, त्यांना बेंझीन जोडतात आणि मग त्यावर गंधकाची प्रक्रिया करतात. १९७३ नंतर जगभर तेल महागलं. रेशनच्या रॉकेलसाठी आमच्या दारात पहाटेपासून कॅन आणि विटा रांगेत लागायच्या. त्याच रॉकेलचा एक अंश फळीवर पिवळ्या पिशवीत, बिनारांगेचा, मिळू लागणार होता. मला याची तक्रार नाही. खाण्याचं तेल साबणात घालवण्यापेक्षा हे बरंच म्हणायचं. आमच्या घरात धुण्याचा ढीग उपसणाऱ्या आईनं तर पिवळ्या पावडरीला कधी नाव ठेवू दिलं नाही.

आता पिशवीबद्दल, म्हणजे पावसाबद्दल. कोकणाबाहेरच्या वाचकाला याची कल्पना यायची नाही. जून ते सप्टेंबर आमच्या दुकानात साखरेची गोणी तळाशी पाझरायची, गूळ वाहायचा, पोहे चामट व्हायचे, पापडांना बुरशी धरायची. पेण तर पोहे-पापडांचं गाव. पुडी बांधायला वर्तमानपत्राची रद्दी आणि सुतळी. पुडी सुबक बांधता आली की पोऱ्याचा नोकर व्हायचा, एवढं ते कसब होतं. पण पावसात ती पुडी घरी पोचेपर्यंत तिची रया जायची. त्यामुळे प्लॅस्टिकची पहिली पिशवी आली तेव्हा आम्हाला ती फॅशन वाटली नाही, सुटका वाटली. मेणबत्तीच्या ज्योतीवर तोंड चिकटवून बंद केलेली पोह्यांची पिशवी श्रावणातही कडक राहायची. प्लॅस्टिकला आम्ही कंपन्यांच्या जाहिरातींमुळे नव्हे, पावसामुळे दुकानात घेतलं.

शेतात तर याआधीच सुरुवात झाली होती. लावणीच्या वेळी डोक्या-पाठीवर घ्यायचं इरलं म्हणजे बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पळसाची पानं. दरवर्षी पानं नव्यानं लावायची. मे महिन्यात आम्ही प्लॅस्टिकचा कागद विकायला ठेवला आणि दोन-चार पावसाळ्यांत पळसाची पानं दिसेनाशी झाली. सांगाडा बांबूचाच राहिला, वर निळा किंवा काळा कागद. कुडाच्या भिंतींना, गुरांच्या पेंढ्याला, होडीच्या डोलकाठीखालच्या सामानाला तोच. कोळ्यांची जाळी सुताची होती ती नायलॉनची झाली. सुताची जाळी वाळवायला लागायची, नायलॉनचं तसं नाही.

हा माल यायचा कुठून? पॉलिथिनचा शोध मुळात अपघाताचा. १९३३ साली इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन यांना भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ मिळाला. आपल्या देशात १९५०च्या दशकाच्या अखेरीस बंगालात रिश्रा इथे पॉलिथिन होऊ लागलं, आणि त्याचा कच्चा माल खनिज तेल नव्हता. साखर कारखान्यांच्या मळीतून निघणारं अल्कोहोल होतं. उसापासून प्लॅस्टिक करण्याची आजकाल मोठी नवलाई सांगतात. आपण ते साठ वर्षांपूर्वी करत होतो आणि स्वस्त नाफ्ता मिळताच सोडून दिलं.

नाफ्ता मिळाला तो मुंबईच्या शुद्धीकरण कारखान्यांमुळे. तुर्भे-माहुलला १९५४ आणि १९५५ साली दोन कारखाने उभे राहिले, एक अमेरिकन कंपनीचा, दुसरा बर्मा-शेलचा. आज ते हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम म्हणून ओळखले जातात. नाफ्ता म्हणजे शुद्धीकरणात वर निघणारा हलका भाग. वाफेबरोबर आठशे अंशांच्या आसपास तापवला की तो फुटतो आणि इथिलिन, प्रोपिलिन असे वायू निघतात. ते वायू दाबून, जोडून प्लॅस्टिकचा दाणा. ठाणे-बेलापूर रस्त्यावर मफतलाल आणि शेल यांच्या नोसिलनं १९६८ साली वर्षाला ६०,००० टन इथिलिन काढणारा कारखाना सुरू केला. शेजारीच बादल्या-पिंपांचं टणक प्लॅस्टिक होऊ लागलं. पितळेच्या कळशा माळ्यावर आणि प्लॅस्टिकच्या बादल्या न्हाणीत, हा बदल आमच्या आळीत त्यानंतरचाच.

मग तेल अगदी दारात आलं. फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात तेल सापडलं. मे १९७६ मध्ये ते निघू लागलं. त्याबरोबरचा वायू नळातून उरणला आला, उरणहून नागोठण्याला. नागोठणं आमच्या पेणच्या दक्षिणेला, गोव्याच्या रस्त्यावर. तिथे इंडियन पेट्रोकेमिकल्सचा कारखाना १९९०च्या सुमारास उभा राहिला, दाणा तयार करणारा. आमच्या भागातल्या पोरांना नोकऱ्या लागल्या. नोव्हेंबर १९९० मध्ये तिथे वायू गळून स्फोट झाला आणि ३०हून अधिक माणसं मेली. आज पिशवी हातात घेताना हे कुणाच्या लक्षात नसतं.

दाणा शेजारी झाला म्हणून पिशवी काही आमच्यासाठी स्वस्त झाली नाही. १९९०च्या ऑगस्टात इराकनं कुवेत घेतलं आणि पिशवीवाल्यानं भाव वाढवला. कुवेतचा आणि झबला पिशवीचा संबंध काय, म्हणून मी त्याच्याशी वाद घातला. त्यानं शांतपणे सांगितलं, “शेठ, दाणा क्रूडवर चालतो.” तेव्हापासून वर्तमानपत्रातला क्रूडचा भाव मी साखरेच्या भावाइतक्याच लक्षपूर्वक वाचतो.

हळूहळू बारदान बदललं. सिमेंट आणि खत तागाच्या गोणीतून विणलेल्या प्लॅस्टिकच्या पोत्यात गेलं. धान्य-साखरेसाठी ताग वाचवायला सरकारला १९८७ साली कायदाच करावा लागला. डालडाचा पत्र्याचा डबा, ज्यात अर्ध्या महाराष्ट्रानं पुढे पिठं-डाळी भरून ठेवल्या, तो प्लॅस्टिकचा झाला. शाम्पू बाटलीतून पुडीत आला आणि दोरीला लटकू लागला. उदबत्तीचं अत्तरही बहुधा तेलातून निघालेल्या पातळ द्रवात मिसळलेलं असतं. गणपतीच्या मखराला थर्माकोल, म्हणजे तेच.

यातला सगळा दोष लोकांच्या आळसावर टाकतात, ते मला पटत नाही. बरंचसं प्लॅस्टिक आमच्या फळीवर कायद्यानं आणलं. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली, ६०हून अधिक माणसं दगावली. त्यानंतर खाद्यतेल पॅकबंदच विकायचा हुकूम निघाला. घाण्याचं तेल मापानं, गिऱ्हाईकाच्या किटलीत ओतून देणं बंद. पाऊच आला. हुकूम चुकीचा होता असं कोण म्हणेल? मिठाचंही तसंच. पेणच्या आसपास मिठागरं, जाडं मीठ ओट्यावर गोणीत उघडं असायचं, कोणी चोरतही नसे. २००६ पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आली. आयोडीन दमट हवेत टिकत नाही, म्हणून मीठ पाकिटात. गलगंड कमी व्हावा हे चांगलंच. पण मिठागरवाल्याचा खप घरातून उठला आणि मिठालाही पाकीट आलं.

मग २३ जून २०१८ पासून राज्यात प्लॅस्टिकबंदी लागू झाली. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड, दुसऱ्याला १०,०००. १ जुलै २०२२ पासून देशभर काही वस्तू बंद. मुंबईत २६ जुलै २००५च्या पुरात गटारं कशानं तुंबली हे सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हा बंदीला माझा विरोध नाही. पण बंदी आली ती काउंटरवरच्या झबल्याला. फळीवरच्या सीलबंद पाकिटाला, तेलाच्या पाऊचला, शाम्पूच्या माळेला ती लागू नव्हती. तपासनीस येतो, गल्ल्याखालच्या पिशव्या शोधतो आणि पाठीमागच्या भिंतभर प्लॅस्टिककडे पाठ करून पावती फाडतो. हे काम अर्धवट आहे, आणि अर्ध्यातलं ओझं सगळ्यात लहान दुकानदारावर आहे.

गिऱ्हाईकांना एवढंच सांगणं: साखर, रवा, डाळी, पोहे सुटे विकायला आजही मनाई नाही. घरून डबा आणा. आधी रिकामा डबा काट्यावर ठेवू, बारदान वजा करू आणि माल देऊ. तेल मात्र पाकिटातलंच मिळेल, तसा कायदा आहे.